सवयीबाहेरचं काय केलंत? जमलेलं सांगा, फसलेलंही सांगा

सुरुवात मीच करते. वयाच्या ५३व्या वर्षी पोहायला शिकतेय. पहिल्या दिवशी तलावाच्या कठड्याला जी चिकटले, ती सुटेनाच. पाण्याची भीती वाटते, असं सगळ्यांना सांगत होते. खरी भीती होती ती तो पोशाख घालून कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत चालत जायची! बॅचमध्ये सगळी चिल्लीपिल्ली आणि त्यांच्या आया समोर बाकावर. चौथ्या दिवशी एक पोरगं म्हणालं, "आजी, मान वर नका काढू, पाय बुडतात." (आजी! असो.) पण त्याचं खरं होतं. घाबरून मान उचलली की कंबर आणि पाय खाली जातात, मग आणखी घाबरायला होतं. तोंड पाण्यात घालून नाकातून बुडबुडे सोडायला जमलं, त्या दिवशी कठडा सुटला. परवा रुंदीतली एक फेरी पार पडली.

*

मस्त धागा ताई. माझा सिंहगड. पुण्यात जन्म गेला, पण गडावर कायम गाडीने. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि परत. या पावसाळ्यानंतर पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी चढलो. धापा टाकत मी दगडावर बसलेला आणि सत्तरीचे एक काका "चला, थोडंच राहिलंय" म्हणत पुढे गेले. थोडं वगैरे काही राहिलं नव्हतं. गंमत म्हणजे चढण्याने काही झालं नाही, उतरण्याने मांड्या गेल्या. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुखणं जास्त आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात. मंगळवारी ऑफिसचा जिना मी उलटा उतरलो.

*

फसलेलं मी सांगतो. मित्रांच्या नादाने तीन महिन्यांत २१ किलोमीटर पळायचं ठरवलं. त्याआधी बस पकडण्यापलीकडे धावलेलो नव्हतो. नडगी दुखायला लागली तरी 'कम्फर्ट झोन, कम्फर्ट झोन' म्हणत रेटलं. शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केलं. शर्यतीच्या दिवशी मी रस्त्याकडेला केळी वाटत उभा होतो. आता ५ किलोमीटर पळतो, तेही मध्ये चालत. कुणी हसलं तर हसू दे.

*

जिममधला वजनांचा कोपरा म्हणजे पुरुषांचाच, असं धरून दोन वर्षं ट्रेडमिलवर काढली. पाळी गेल्यानंतर हाडांसाठी वजनं उचला, असं डॉक्टर म्हणाल्या म्हणून गेले. मोठ्या रुबाबात रॉडला हात घातला, तर हलेना. तो रिकामा रॉडच २० किलोचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! तिथल्या दंडवाल्या मुलांकडे मी दोन वर्षं घाबरून बघत होते. त्यांच्यातल्याच एकाने हलका रॉड आणून दिला आणि पाठ कशी ठेवायची ते दाखवलं.

*

व्यायामातलं नाही, चालेल ना? बायकोच्या ऑपरेशननंतर ५८व्या वर्षी पहिल्यांदा पोळ्या केल्या. कणीक सैल झाली, पीठ घातलं. घट्ट झाली, पाणी घातलं. दोघांपुरती कणीक आठ जणांची झाली. ती खाटेवरून सूचना देत होती, पुढे हसून टाके दुखतात म्हणून गप्प बसली.

*

काका, चालेल काय, धावेल! आमच्या इथे आता खोल पाण्याची पाळी आलीय. उद्या सव्वासहाची बॅच. झोप काही येत नाहीये.