इमर्जन्सीत थांबायला हरकत नाही, पण का आणि किती ते सांगाल का?

शेवंती

माझं म्हणणं आधीच मांडते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. इमर्जन्सीत थांबावं लागतं यावर माझा राग नाही. काहीही न सांगता बसवून ठेवतात, त्यावर आहे. रुग्ण आत आला की आपल्याला कोणत्या गटात टाकलंय, साधारण किती वेळ लागेल आणि मधल्या काळात काय झालं तर लगेच हाक मारायची, एवढं त्याला सांगणं रुग्णालयावर बंधनकारक हवं.

इथे नंबर लागत नाही, गंभीर तो आधी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ही पद्धत काही नवी नाही. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे जखमींना हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यानुसार हात लावायचा. आता त्याचे रीतसर तक्ते झालेत. मँचेस्टर पद्धतीत लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी 10 मिनिटं, पिवळा 60, हिरवा 120 आणि निळा 240. म्हणजे हिरव्या गटातल्या माणसाला दोन तास थांबवणं ही हयगय नाही, तो नियमच आहे. मग त्या माणसाला हे का सांगत नाहीत? तो दर दहा मिनिटांनी काउंटरवर जाऊन "आमचं कधी?" विचारतो, पलीकडून न बघता "बसा, बोलावतील" येतं आणि त्याला वाटतं आपली फाइल कुठेतरी खाली दबली.

आमच्या घरातल्या एका वयस्कर व्यक्तीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाचं सांगते. आल्या आल्या बजावलं, "तोंडातून काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं." योग्यच होतं. पुढे ठरलं की ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. ते आम्हाला कळलं, पण पाणी द्यायला हरकत नाही हे कुणी सांगितलं नाही. आम्ही ओला कापूस ओठांवरून फिरवत बसलो. शेवटी पाळी बदलल्यावर नवीन सिस्टरनी आपणहून विचारलं, "यांना पाणी का नाही दिलंत?"

डेव्हिड मेइस्टर यांनी 1985 मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं. कारण न कळलेली वाट जास्त लांब वाटते, किती ते न कळलेली वाट जास्त लांब वाटते, आणि जीव घाबरा असला की आणखीच. ते सगळ्याच प्रकारच्या रांगांबद्दल बोलत होते. इमर्जन्सीत या तिन्ही गोष्टी एकदम असतात.

रातकिडा

याच खात्यात काम करतो, बहुतेक रात्रीच. तुमच्या तीनपैकी तिसऱ्या मागणीला पूर्ण पाठिंबा. पहिल्या दोन मागण्या ऐकायला छान आहेत.

अंदाजे वेळ कुठून आणू? तुम्हाला म्हटलं चाळीस मिनिटं. पाचव्या मिनिटाला हृदय बंद पडलेला रुग्ण आला. एक जण छाती दाबायला, एक श्वासनलिकेला, एक शिरेतून औषधं द्यायला, एक नोंदी ठेवायला. म्हणजे जवळपास अख्खी पाळी एका पडद्याआड. बाहेर तुमची चाळीस मिनिटं दोन तासांवर गेली आणि मी खोटारडा ठरलो. वेळ सांगितली नसती तर नुसता उशीर झाला असता. सांगितल्यामुळे फसवणूक झाली.

गट सांगितला की दुसरं भांडण. "त्यांना पिवळा, आमच्या बाबांना हिरवा का?" याचं खरं उत्तर देण्यासाठी त्या दुसऱ्या माणसाच्या आजाराबद्दल बोलावं लागतं, आणि ते मी बोलू शकत नाही.

आणखी एक. बाहेरून जी नुसती वाट दिसते तिच्यातला बराच वेळ तपासणीचाच असतो. छातीत दुखतंय म्हटल्यावर ईसीजी 10 मिनिटांत व्हायला हवा, तो होतो. मग रक्तातलं ट्रोपोनिन. ते पहिल्यांदा नॉर्मल आलं म्हणून घरी सोडता येईलच असं नाही, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी ते रक्तात चढायला वेळ लागतो. म्हणून एक ते तीन तासांनी, कुठली चाचणी वापरतो त्यावर, पुन्हा रक्त काढून दोन आकड्यांत फरक पडलाय का ते बघतात. तेवढा वेळ रुग्ण पडून असतो आणि नातेवाइकांना वाटतं कुणी ढुंकून बघत नाही.

शेवंती

रातकिडा, हे ट्रोपोनिनचं तुम्ही मला इथे चार ओळींत सांगितलंत आणि मला समजलं. तिथे, त्या पलंगापाशी, या चार ओळी का बोलल्या जात नाहीत? हाच तर माझा धागा आहे.

तिरकस

खरं दुखणं वेगळंच आहे. सर्दी, अंगदुखी, आठवडाभर जुनी खाज, सगळे इमर्जन्सीत. गर्दी आपणच करायची आणि वर वेळ सांगा म्हणायचं. किरकोळ तक्रारीवाल्यांना दारातूनच परत पाठवा, निम्मे प्रश्न सुटतील.

आडवाट

तिरकस, हे पटण्यासारखं वाटतं, पण आकडे तसं म्हणत नाहीत. कॅनडात ओंटारिओमधल्या इमर्जन्सी विभागांवर 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किरकोळ तक्रारीचे रुग्ण वाढले की बाकीच्यांचा वेळ किती वाढतो ते त्यात पाहिलं होतं. फरक काही मिनिटांचाच निघाला. साहजिक आहे. खाजवाल्याला ना पलंग लागतो ना मॉनिटर. बाकावर बसल्या बसल्या त्याचं पाच मिनिटांत उरकतं.

तुंबतं ते दुसऱ्या टोकाला. ज्यांना भरती करायचं ठरलंय त्यांना वर वॉर्डात बेड नसतो, म्हणून ते इमर्जन्सीच्याच पलंगावर अडकतात. वरचा बेड रिकामा होत नाही कारण तिथल्या रुग्णाचा डिस्चार्ज कागदांत अडकलाय, किंवा घरी त्याला बघणारं कुणी नाही. मोरी तुंबली की आपण नळाला शिव्या देतो, तसलं आहे हे.

आणि हे अडकणं जिवावरचं आहे. इंग्लंडमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये एक निष्कर्ष छापून आला. आल्यापासून 6 ते 8 तासांत वॉर्डात न पोचलेल्या दर 82 रुग्णांमागे पुढच्या 30 दिवसांत एक जादा मृत्यू. म्हणून शेवंतीताई, मला तुमची मागणी थोडी वरवरची वाटते. वाट बघणं सुसह्य करण्यापेक्षा ती कमी करा म्हणून भांडायला हवं. नाहीतर व्यवस्थापन गोड बोलणारा एक माणूस दारात बसवेल आणि बेड तेवढेच राहतील.

शेवंती

आडवाट, दोन्ही मागता येतं की! बेड वाढायला वर्षं लागतात. "पाणी द्या" म्हणायला काही लागत नाही.

हिशेबनीस

मग सरळ वेळेची मर्यादाच घाला. इंग्लंडने केलंच की. इमर्जन्सीत आलेल्याचा चार तासांत निकाल लावायचा: भरती, दुसऱ्या रुग्णालयात रवानगी किंवा घरी. 2004 मध्ये 98 टक्क्यांचं लक्ष्य होतं. मोजायला लागले की कामं हलतात, एरवी नाही.

रातकिडा

हिशेबनीस, पुढची गोष्टही सांगा. 2010 मध्ये ते 95 टक्क्यांवर आणलं, आणि पुढे तेही जमेना म्हणून मार्च 2024 साठी 76 टक्क्यांचं तात्पुरतं लक्ष्य ठरवावं लागलं. मर्यादा कडक होती तेव्हा आलेख काढले तर चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याचा सुळका दिसायचा. त्या मिनिटांत अचानक सगळे हलवण्याजोगे झाले, असं कुठलं वैद्यकशास्त्र सांगतं? घड्याळ बघून निर्णय घेतले जात होते. तीन तास पन्नास मिनिटं झालेला साधा रुग्ण आधी, आणि नुकताच आलेला जास्त आजारी रुग्ण नंतर, असा मोह होतो. माणसंच आहोत.

हिशेबनीस

सुळका होता, मान्य. पण त्याच मर्यादेवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात ती लागू असताना वेळही कमी झाला आणि मृत्यूही घटले असं दिसलं. म्हणजे घड्याळ बघून घेतलेले निर्णयसुद्धा घड्याळ नसताना रेंगाळणाऱ्या निर्णयांपेक्षा बरे निघाले. डॉक्टरांना हे ऐकायला आवडत नाही, याची कल्पना आहे.

पारिजात

मी इथे सगळ्यांच्याच विरुद्ध बोलणार आहे, विशेषतः धागाकर्तीच्या.

आमच्या आईला मधुमेह. त्या दिवशी छातीत काही नाही, फक्त मळमळ, गार घाम आणि "गळून गेल्यासारखं वाटतंय". रुग्णालयाचं नाव घेत नाही. दारात तपासून हिरवा गट दिला आणि अगदी शेवंतीताईंना हवं तसं समजावून सांगितलं: दोनेक तास लागतील, काळजीचं कारण नाही. आम्ही आज्ञाधारकपणे बसलो. आई तर तक्रार करणाऱ्यातली नव्हेच. कुणी समोरून गेलं की पदर सावरून सरळ बसायची, आजारी दिसू नये म्हणून. पुढे तिचा भाऊ आला, तो आरडाओरडा करणाऱ्यातला. त्याने गोंधळ घातला तेव्हा ईसीजी निघाला आणि तो हार्ट अटॅक होता. आई वाचली, पण तो गट आम्हाला सांगितला नसता तर आम्ही आधीच गोंधळ घातला असता.

मधुमेह, म्हातारपण, बायका, यांच्यात अटॅक छातीत न दुखताही येतो, हे पुस्तकात आहे. तक्त्यात ते पकडलं जाईलच असं नाही. गट म्हणजे एका माणसाने दोन मिनिटांत केलेला अंदाज असतो. तो रंग लावून सांगितला की निकाल वाटायला लागतो.

मला माहिती नको, पुन्हा तपासणी हवी. बसलेल्या प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन ठरावीक वेळाने परत बघा. बदललं तर गट बदला. ते होत असेल तर मला रंग सांगितला नाही तरी चालेल.

तिरकस

म्हणजे आरडाओरडा करणाऱ्याचा नंबर आधी, हे सिद्ध झालं. उद्यापासून सगळे ओरडणार.

पारिजात

ओरडतातच. म्हणून तर न ओरडणाऱ्यांची काळजी वाटते.

पांढरे_बूट

मी नर्स. वरचं सगळं वाचलं आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही याचं आश्चर्य वाटलं: दुखणं. थांबणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार वेळेची नसते हो. दुखतंय आणि कुणी काही देत नाही, ही असते.

डॉक्टरसाठी वाट बघावी लागली तरी वेदनाशामकासाठी बघावी लागू नये. बऱ्याच ठिकाणी आधीच ठरवून दिलेल्या नियमानुसार नर्स दारातच पहिला डोस देऊ शकते. मनगट मोडलेल्याला गोळी, झोळी आणि बर्फ मिळाला की तो दीड तास शांत बसतो. नाही मिळाला तर वीस मिनिटांत भांडतो, आणि त्याचं काय चुकलं? पोटदुखीत निदान होईपर्यंत काही देऊ नका, लक्षणं झाकली जातात, हे अजून ऐकायला मिळतं. जुनी शिकवण आहे ती. तीव्र पोटदुखीत ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी जोरदार वेदनाशामकं, देऊन पाहिलेल्या चाचण्यांत निदान चुकण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. तरी डॉक्टर बदलला की नियम बदलतो.

दुखणं मोजायचं कसं, तेही बघा. "दहापैकी किती?" विचारलं की एक जण मोबाइलवरून नजर न काढता "दहा" म्हणतो, आणि दुसरा पलंगाची कड घट्ट धरून "असेल चार-पाच". मी आकडा लिहिते, पण बघते हाताकडे.

पारिजात, पुन्हा तपासणीचं अगदी बरोबर. नियमातही असते. पण दारातल्या तपासणीला बसलेल्या नर्सपुढे नवीन माणूस उभा असतो आणि जुना मागे बसलेला असतो. ती एकाच वेळी दोन्हीकडे बघू शकत नाही. त्यासाठी थांबणाऱ्यांमध्ये फिरणारी दुसरी नर्स लागते. ज्या पाळीला ती असते त्या पाळीला शेवंतीताईंचं काम आपोआप होतं, कारण बीपी बघता बघता माणूस बोलतोच. आणि माणसं कमी पडली की पहिली उचलतात ती तीच, कारण ती "नुसती फिरत" असते.

आडवाट

पांढरे_बूट, मग गोड बोलणारा माणूस दारात बसवण्याबद्दल मी जे लिहिलं ते या नर्सला लागू नाही. ही तपासते.

रातकिडा

मला उद्या कुणी विचारलं की या धाग्यातलं काय लगेच करता येईल, तर मी म्हणेन छापील चिठ्ठी. खायचं-प्यायचं की नाही आणि ते कधी पुन्हा विचारायचं. घन पदार्थांना सहा तास आणि पाण्याला दोन तास हा भूल देण्याआधीचा सर्वसाधारण नियम आहे, त्यापलीकडे उगाच कुणाला कोरडं ठेवायचं कारण नसतं. आणि काय वाढलं तर लगेच हाक मारायची: दम, घाम, गुंगी, हातापायातली ताकद जाणं. पक्षाघाताच्या गुठळी विरघळवण्याच्या औषधाला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते, तीही लक्षणं सुरू झाल्यापासून. बाकावर बसलेल्याचं तोंड वाकडं झालं तर शेजारच्याने उठून ओरडलंच पाहिजे. पण चिठ्ठीवर मी तुमची वेळ लिहिणार नाही.

शेवंती

वेळ नका लिहू. कशासाठी थांबलोय ते लिहा. "दुसऱ्या रक्ततपासणीसाठी", "वॉर्डात बेड मिळण्यासाठी", "डॉक्टरांनी अजून बघायचंय". माझं बरंचसं काम तेवढ्यात होतं. आणि गट सांगायलाच हवा, यावर मी अजून ठाम आहे. पारिजातच्या आईच्या बाबतीत चुकीचा गट दिला गेला, तो लपवून ठेवला असता तरी चुकीचाच राहिला असता.

पारिजात

राहिला असता, पण आम्ही त्यावर विश्वास ठेवून बसलो नसतो. लिहायचाच असेल तर त्याखाली पुन्हा कधी तपासणार ती वेळ लिहा. ती वेळ टळली तर काउंटरवर जाऊन चिठ्ठी दाखवायचा हक्क मला मिळतो. नुसत्या रंगाची चिठ्ठी मी घेणार नाही.