आगरकर आणि कर्वे, मुलींच्या शिक्षणाबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं होतं का?

नाशिकरोडची आई:
लेक नववीत आहे, वक्तृत्व स्पर्धेला आगरकरांचा विषय मिळालाय. मला वाटायचं सगळे सुधारक मुलींना शिकवा एवढंच म्हणत होते, पण ती म्हणते तसं नव्हतं. त्यात तिचे आजोबा म्हणतात मुलींना घरकाम शाळेतच शिकवायला हवं, त्यावरून रोज वाद चाललाय आणि तिला त्यांना नीट माहिती घेऊन उत्तर द्यायचंय.

गंगापूररोडकर:
ताई, लेक बरोबर बोलतेय. आगरकरांनी १८८८ ला 'सुधारक' काढला, त्यातल्या लेखाचं नावच आहे 'स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे'. म्हणजे बायकांसाठी वेगळा, हलका अभ्यासक्रम नको आणि वर्गही वेगळे नकोत. १८९१ ला मुलींचं संमतीवय (शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वय) १० वरून १२ केलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि त्याच काळात हा माणूस मुलं-मुली एकत्र बसवा म्हणत होता! पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्या निफाडला जन्मलेले रानडे आणि इतरांनी १८८४ ला पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा काढली, तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी टीका केली होती, तेही तिला सांगा.

जुनी वाचक:
पण कर्व्यांना कमी लेखू नका हं. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, शिक्षण मातृभाषेतून आणि घर, आरोग्य असे विषयही ठेवले. इंग्रजीतून शिकणं बहुतेक मुलींना झेपणारंच नव्हतं तेव्हा, आधी पोरी वर्गात येऊ देत हा विचार होता. मला स्वतःला आगरकरच पटतात, पण कर्व्यांमुळे किती बायका प्रत्यक्ष शिकल्या तेही बघायला हवं.

सिन्नरची लेक:
एकत्र बसवलं म्हणजे एकच शिक्षण मिळतं असं नाही हो. आमच्या लॅबमध्ये प्रयोग मुलं करायची आणि आम्ही मुली वहीत रीडिंग लिहायचो, बारावीपर्यंत मी स्वतः एकदाही टायट्रेशन केलं नाही, अजून वाईट वाटतं. म्हणून लेखाच्या नावातला 'एकच' हा शब्द तिने जोर देऊन म्हणावा. आणि आजोबांना विचारा, घरकाम शाळेत शिकवायचंच तर नातवालाही शिकवायचं ना?

नाशिकरोडची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न तिने जेवताना विचारला, आजोबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले भाषण मला आधी वाचून दाखव.