एका दिवसात रान, घळ आणि कडा: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

नौपाड्याचा भटक्या (धागाकर्ता)

प्रश्न साधा आहे. पहाटे घर सोडायचं, रात्रीचं जेवण घरी. मधल्या वेळात दाट सदाहरित रान, दोन्ही बाजूंनी कातळ अंगावर येणारी घळ, आणि पायाखाली थेट कोकण उलगडणारा कडा. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल इथून हे एका दिवसात जमतं. प्रश्न फक्त कुठून, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या क्रमाने एवढाच.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. घळ दुपारच्या आत उरकावी, कड्यावर उन्हं कलताना असावं, आणि रानातून उजेड असेपर्यंत बाहेर पडावं. ज्या वाटेवर हे उलटं होतं, तिथे मुक्कामाची तयारी ठेवावी किंवा जाऊ नये. तुमचे अनुभव याच्या विरुद्ध असतील तर अवश्य भांडा.

विनंती एवढीच की फोटो नंतर टाका. आधी पाणी कुठे मिळतं, दोर लागतो का, परतीला वाहन काय, ते लिहा.

वागळे इस्टेट

मी नाणेघाटाचं लिहितो, कारण लहान मुलं आणि साठीचे सासरे एकत्र नेता येतील अशी दुसरी वाट मला तरी माहीत नाही. कल्याण, मुरबाड, टोकावडे, मग माळशेज रस्त्यावर वैशाखरे. गावाच्या पुढे रस्त्यालाच पाटी आहे. पहिला टप्पा झाडीतला, मधूनमधून ओढे. मग चढ लागतो आणि वरच्या भागात वाट दोन कातळांच्या चिमटीत शिरते. पायाखाली जुनी दगडी फरसबंदी. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच चिमटीतून जुन्नरला चढायचा. त्याला दोन हजार वर्षं झाली.

वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेत, आणि भारतातल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत ते मोजले जातात. माझ्या मुलाला त्यात काडीचा रस नव्हता. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण मात्र त्याने तीनदा आत डोकावून पाहिला. ‘पैसे कुठे गेले?’ असं विचारत होता.

माथ्यावर आलात की नानाचा अंगठा. तिथला कडा सरळ तुटलेला आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कड्याला धडकून वर चढतो आणि खाली पडणारं पाणी तोच उलटं उडवतो. ते बघायला शनिवार-रविवारी माथ्यावर जुन्नरकडून गाड्यांची रांग लागते, स्पीकर लागतात. आम्ही नोव्हेंबरात जातो. उलटा धबधबा नसतो, पण शेजारचा जीवधन आणि त्याचा वानरलिंगी सुळका स्वच्छ दिसतो, आणि पोरांना कड्याजवळ सोडताना जीव टांगणीला लागत नाही.

पाणी घरूनच न्या.

नेरूळ सेक्टर अठरा

भीमाशंकर, खांडसकडून. माझ्या मते धाग्याच्या तिन्ही अटी हीच वाट सगळ्यात प्रामाणिकपणे पाळते.

नेरूळहून पहिल्या ट्रान्स हार्बरने ठाणे, मग कर्जत लोकलने नेरळ, तिथून कशेळेमार्गे खांडस. गावाबाहेर वाट फुटते. एक गणेश घाट: लांबचा, सोपा, पदरगडाच्या पायथ्याने जाणारा. दुसरा शिडी घाट: जवळचा, उभा. शिडी घाटात घळीतून चढताना लोखंडी शिड्या लागतात आणि काही ठिकाणी कातळाला बिलगून आडवं सरकावं लागतं. पाऊस चालू असताना तिथे जाऊ नये. शिडीवरून पाणी वाहतं आणि खोबणी शेवाळतात. वर चढलेला माणूस मग खाली उतरायला तयार होत नाही, सगळी रांग अडते. आमच्या पुढच्या एका गटात नेमकं हेच झालं. त्यांचा म्होरक्या खालून नुसता ‘काही नाही, काही नाही’ ओरडत होता. शेवटी खांडसच्या एका दादांनी त्या मुलीचा एकेक पाय हाताने खोबणीत ठेवत तिला उतरवलं. आम्ही गणेश घाटाने गेलो.

दोन्ही वाटा वर पदरावर येऊन मिळतात. सह्याद्रीच्या कड्यांच्या मध्यावर अशा सपाट्या ठिकठिकाणी आहेत. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, त्यातला नरम थर लवकर झिजतो आणि तिथे पायरी पडते. पायरीवर माती साठते, मातीवर रान माजतं. म्हणून खालून बघताना काळ्या कातळात मध्येच हिरवा पट्टा दिसतो. पदरावरून शेवटचा चढ सुरू झाला की ऊन संपतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, झाडांवर झाडं, खोडांवर शेवाळ. १९८५ साली हे अभयारण्य झालं ते शेकरूसाठी. शेकरू दिसायचा असेल तर बोलणं बंद करा आणि वर बघा. आधी फांद्यांत काटक्या-पानांचं घरटं दिसतं, मग कुठेतरी तांबूस शेपटी हलते. एका शेकरूची अशी बरीच घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे तो घरी आहेच असं नाही.

दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं असेल तर दिवस तिथेच संपतो. आम्ही कळसाला हात जोडले आणि नागफणीच्या कड्यावर गेलो. तिथून अख्खी सकाळची वाट खाली दिसते.

उतरताना मात्र काटेकोर राहा. दुपारी दोनच्या पुढे खाली निघालात तर पदरावरच्या रानात अंधार गाठतो. तिथे ढोरवाटा इतक्या फुटतात की बॅटरीच्या उजेडात सगळ्या सारख्याच दिसतात.

ऐरोलीचा कातळवेडा

धागाकर्त्याने भंडारदऱ्याकडच्या सांदण दरीचं नाव अजून घेतलं नाही याचं नवल वाटलं.

कोपरी पूल

कारण सांदणात रान नाही. घळ आहे, कडा आहे. साम्रद गावापासून घळीच्या तोंडापर्यंत जेमतेम झाडोरा. त्याला रान म्हणायचं तर आमच्या सोसायटीलाही म्हणावं लागेल.

ऐरोलीचा कातळवेडा

कोपरी पूल, तुम्ही घळीच्या शेवटापर्यंत गेला नाहीत असं दिसतं. टोकाला उभं राहून खाली बघा. करोली घाटाच्या अंगाला जे गचपण आहे ते रान नाही तर काय? बरं, सविस्तरच लिहितो.

ठाण्याहून पहाटे तीनला गाडी काढली तर कसारा, घोटी, बारी, भंडारदरा करत सातच्या सुमारास साम्रद. वाटेत विल्सन धरण लागतं, १९२६ सालचं. साम्रद अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, त्यामुळे वनखात्याची पावती फाडावी लागते. गावातला वाटाड्या घ्या. वाट चुकण्याची भीती नाही, घळ एकच आहे. पण कुठल्या डोहात आज किती पाणी आहे हे त्यालाच माहीत असतं. शिवाय दुपारचं जेवणही त्याच्याच घरी सांगता येतं. नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा.

घळीत शिरल्यावर गारवा एकदम अंगाला लागतो. भिंती दोन-तीनशे फुटांच्या आणि काही जागी रुंदी इतकी कमी की दोन्ही हात पसरले तर पुरे. पहिल्या डोहात पाणी गुडघा-मांडीपर्यंत, दुसऱ्यात डिसेंबरात छातीपर्यंतही असतं, मार्च-एप्रिलला उतरतं. सॅक डोक्यावर घ्यायची. मोबाइल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. पुढे सगळा दगडधोंड्यांचा खेळ. खोलीएवढे धोंडे पावसाळ्याच्या लोंढ्याने आणून टाकलेले, त्यांच्यावरून चढायचं, खालून सरपटायचं. ऊन तळाला पोचतं ते फक्त माथ्यावर सूर्य असताना, तेही तेवढ्यापुरतंच. म्हणून सकाळी लवकर आत शिरा आणि बाराच्या सुमारास टोकाला असा. तिथे घळ संपते आणि खाली शहापूर तालुक्यातलं डेहणे, बाजूला आजोबाचा डोंगर. त्यापुढे दोराशिवाय उतरता येत नाही. एक दिवसाच्या मंडळींनी आल्या पावली परतावं.

आता महत्त्वाचं. पावसाळ्यात सांदण बंद असतं ते उगाच नाही. वरच्या पठारावर पडलेलं पाणी याच फटीतून कोकणात उतरतं, आणि फटीत उभ्या माणसाला आभाळाची फक्त एक रेघ दिसते. पठारावर ढग फुटलाय हे त्याला पाणी आल्यावरच कळतं. ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात वळवाची चिन्हं असली तरी आत जाऊ नका. दुसरी भीती आग्यामोहोळाची. कड्यांना पोळी लटकलेली असतात. अत्तर, सिगारेट, ड्रोन, आरडाओरडा, सगळं बाहेर ठेवा.

परतताना उजेड उरला तर घाटघरचा कोकणकडा करा. मग कसारा घाटातली ट्रकची रांग निवांत सोसता येते.

कोपरी पूल

टोकापर्यंत गेलो आहे. खालचं रान तुम्ही वरून बघता, त्यातून चालत नाही. धाग्याचं शीर्षक वाचा.

ठाणेकर काकू

तुमच्या दोघांच्या भांडणात मी परदेश आणते, रागावू नका. लेक सिडनीला असते. जुलैत तिच्याकडे होते तेव्हा जावयांनी ब्लू माउंटन्समधल्या ग्रँड कॅन्यन नावाच्या वाटेवर नेलं. सेंट्रल स्टेशनवरून ट्रेनने ब्लॅकहीथला दोनेक तास. आपल्याकडे जुलै म्हणजे धुवाधार, तिथे कडाक्याची थंडी.

फेरी सहा-एक किलोमीटरचीच, पण क्रम आपल्या उलट. गाडीरस्ता कड्याच्या माथ्यावर असतो. वर निलगिरीचं कोरडं रान. पायऱ्या उतरत गेलं की झाडं बदलायला लागतात. खाली ओढ्याकाठी नेच्याचे अक्षरशः वृक्ष, माझ्या डोक्यावर छत्री धरल्यासारखे. सगळीकडे ओल. वाट कधी कपारीखालून, कधी छोट्या बोगद्यातून जाते, आणि खरी अरुंद फट तुमच्याही खाली, ओढ्याने चिरलेली. तिच्यात दोरवालेच उतरतात. दगड आपल्यासारखा काळा नाही, पिवळट वालुकाश्म, हाताला खरखरीत. शेवटी इव्हान्स लुकआउटपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. दमलेल्या पायांनी चढायचं हे मला मुळीच पटलं नाही. जावई मजेत पुढे. मी दर वळणावर झाड बघायचं निमित्त काढून उभी राहायची.

एक गोष्ट मात्र इथे व्हावीशी वाटली. त्या भागात आणीबाणीचा संदेश पाठवणारं यंत्र चालणाऱ्यांना पोलीस ठाण्यातून फुकट वापरायला देतात. जाण्याआधी कुठून कुठे जाणार ते नोंदवायचं. आपल्याकडे बायकांना घरी विचारतात, ‘कशाला जातेस?’ कुठून कुठे जाणार, हे विचारत नाहीत.

कामोठे

काकू, शेवटच्या ओळीला दंडवत.

माझ्याकडून माथेरानचं गार्बेट. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरा, डिकसळ गावातून धरणाच्या बाजूने चढायला लागा. स्टेशनपासून पायी, वाहन लागतच नाही, हेच याचं मोठेपण. उघड्या गवताळ सोंडेवरून गार्बेटचं पठार, तिथून माथेरानच्या टोकावर. आणि मग एकाएकी लाल मातीची सावलीतली वाट. मोटारींना बंदी असल्यामुळे ते रान अजून रान राहिलंय. घोड्यांच्या लिदीचा वास आणि माकडं सोसायची. घळ नाही, ओढ्याची एक नाळ आहे फक्त, तेव्हा कोपरी पूल माझेही गुण कापतील. उतरताना दस्तुरीवरून नेरळला टॅक्सी. १९०७ पासूनची छोटी गाडी हौसेची आहे, पण पावसाळ्यात ती नेरळपर्यंत येत नाही, अमन लॉज ते माथेरान एवढीच चालते.

सप्टेंबरात जा. पठारावर सोनकी फुललेली असते.

खारघरवासी

एक सूचना. ‘कशाला लांब, आपलं पांडवकडा आहे की’ असं म्हणून कोणी इकडे येऊ नये. १०७ मीटरचा धबधबा रस्त्यावरून छान दिसतो, तिथूनच बघा. पाय घसरून आणि लोंढ्यात सापडून इथे माणसं गेली आहेत, पावसाळ्यात बंदी असते. तरी दर रविवारी पोलिसांना मुलं डोंगराआडून हुसकावून आणावी लागतात. येऊरच्या ओढ्यांचंही तेच.

नौपाड्याचा भटक्या (धागाकर्ता)

काकूंनी माझा क्रमाचा मुद्दा पार उलटा केला. विचार केला तर सांदणही त्याच जातीचं: आधी उतार, दमल्यावर चढ. अशा वाटेवर परतीला जाण्याइतकाच नाही, दीडपट वेळ धरा. बाकी तिन्हींतून खरंच चालायचं असेल तर नाणेघाट आणि भीमाशंकर, यावर कोपरी पूल यांचीही हरकत नसावी.

कोपरी पूल

नाणेघाटाला अर्धी हरकत. लिहितो सवडीने.

डोंबिवली पूर्व

मी ठाण्याची नाही, चालेल ना? डिसेंबरात आईला घेऊन गणेश घाट करायचा आहे. तिला गुडघ्याचा थोडा त्रास आहे. नेरळहून खांडसला गाडी मिळते का? तेवढं कोणी सांगा.

नेरूळ सेक्टर अठरा

चालेल की. नेरळहून कशेळेपर्यंत वडाप मिळतं, पुढे खांडसचं वेगळं, आणि ते भरल्याशिवाय सुटत नाही. आई बरोबर असतील तर नेरळलाच रिक्षा ठरवा आणि परतीची वेळ व चालकाचा नंबर तेव्हाच घ्या. गुडघ्याला चढ नाही, उतार नडतो. त्यांच्यासाठी दोन काठ्या घ्या, पदरापर्यंत जा आणि तिथे कसं वाटतं ते बघून वरचं ठरवा. पदरावर झोपडीत चहा मिळाला तर मिळाला, धरून चालू नका.