विषय: डिसेंबरात नागपूरला कोण येतंय? थोडी लोकर आणायची आहे

कुंदा:
मंडळी, मी फेब्रुवारीपर्यंत अर्जुनी मोरगावकडेच आहे. बातम्यांत नागपूरचा पारा सांगतात, पण गोंदियाकडे बरेचदा त्याहून कडक थंडी असते. वहिनीच्या बचत गटातल्या बायकांचं धान चुरून झालंय, आता दुपारी विणायला बसायचं म्हणताहेत. इथे लोकर नाही. गोठणगावला तिबेटी वस्ती आहे खरी, पण ती मंडळी हिवाळाभर शहरांत स्वेटर विकायला गेलेली, आणि माल तयार, लुधियानाचा. अमेरिकेतल्या माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये लोकर पडून आहे. चावी शुभदाकडे. डावीकडचे प्लॅस्टिकचे डबे आणा. उजवीकडच्या कपाटाला हात लावू नका.

प्रभाकर:
मी एकवीसला निघतोय. तेवीस किलोची एक बॅग बायकोच्या भावाकडच्या सामानाने भरली, दुसरीत जागा आहे. पण उजवीकडचं कपाट का नाही? संक्रांतीच्या स्टॉलवर "आता सगळं वाटून टाकणार" असं कोण म्हणत होतं? आणि त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून दोन लडी कोणी घेतल्या?

शुभदा:
कुंदाताई, आत्ताच जाऊन आले. डावीकडे सगळं कृत्रिम अ‍ॅक्रिलिक, तेही निम्मं भडक नारिंगी. चांगली मेरिनो, म्हणजे मेंढीची मऊ लोकर, उजवीकडे. पोरं सकाळी शेकोटीपाशी बसणार ना? अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं. खरी लोकर सहसा भडकत नाही, जळून काळी पडते आणि विझते. तुमच्या कपाटातलीच आणायला हवी. कडुनिंबाचा पाला ठेवलाय ते बरं केलंत, पण एका पिशवीत कसर दिसली.

मंदार:
शेकोटीचं बरोबर, पण धुणार कोण? मेरिनो गरम पाण्यात घातली की आटून फेल्ट होते, म्हणजे नमद्यासारखी घट्ट. आईने माझा एक स्वेटर असाच बाहुलीचा करून टाकला होता. आणि सुयांचं काय? आपल्याकडची अमेरिकन आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची, तिकडची आठ नंबरची चारची. नमुना इकडचा आणि सुया तिकडच्या झाल्या तर माप चुकणारच. नमुन्यात नंबर लिहूच नका, मिलिमीटर लिहा.

प्रभाकर:
मंदार, फेल्ट झालं तर टोपी करा. मुद्दा कपाटाचा आहे.

कुंदा:
बरं, कपाटाचं सांगते. त्यात प्रत्येक रंगाची एकेकच लडी आहे, शंभर-शंभर ग्रॅमची. लहान पोराच्या स्वेटरलाही साधारण दोनशे ग्रॅम लागते, आणि दुसरी लडी वेगळ्या रंगघाणीतली, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेली, आली की पाठीवर सरळ पट्टा दिसतो. म्हणजे त्यातल्या कशाचाही स्वेटर होणार नाही, हे मला घेतानाच माहीत होतं. मोजे होतील. मोजे मी विणत नाही.

वहिनीला फोटो दाखवले तर म्हणाली, "इतकी लोकर घेतली कायले बाई, विनाले टाइम नाही तं?" उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे मला विणण्याइतकंच घ्यायलाही आवडतं. दुकानात लडी हातात घेतली, पीळ जरा उसवून आतला रंग बघितला, की त्या क्षणी मी फार हुशार विणकर असते. घरी आणून कपाटात ठेवली की उधारी वाढल्यासारखं वाटतं. आणि तरी रविवारी कपाट उघडून नुसती बघत बसते. लाज वाटते आणि मजाही येते.

शुभदाचं पटलं. पोरांसाठी मेरिनो आणा, एकेक लडी जोडून आडव्या पट्ट्यांचे स्वेटर करू, म्हणजे रंगघाणीची भानगडच उरणार नाही. मशीनमध्ये धुण्याजोगी म्हणजे सुपरवॉश जी असेल, तीच घ्या, लेबलवर लिहिलंय. नारिंगी अ‍ॅक्रिलिक तोरणांना चालेल. कसर लागलेली पिशवी बाहेर काढा, बाकीच्यांत मिसळू नका. खालच्या कप्प्यातल्या निळीच्या लडी तेवढ्या राहू द्या.

शुभदा:
निळीच्या म्हणजे गडद निळ्या की जांभळट? दोन्ही आहेत. जांभळट सुपरवॉश आहे.

कुंदा:
दोन्ही.

प्रभाकर:
जांभळट आणतो.

कुंदा:
प्रभाकरभाऊ, लडी तशाच बायकांच्या हाती देता येत नाहीत. दोन खुर्च्यांच्या पाठीवर चढवून आधी गोळे करावे लागतात, नाहीतर गुंता. तुम्हाला निघण्याआधी वेळ नाही. राहू द्या.

मंदार:
गोळे मी करून देतो. शनिवारी रिकामा आहे.

कुंदा:
आणा मग. जांभळटच. गडद नाही.

खजिनदार:
बॅग वजन करायला मंडळाचा काटा कोणी न विचारता नेलाय. नोंदवही माझ्याकडे आहे, तीत सही नाही. सोमवारच्या सभेला लागणार आहे.

शुभदा:
काटा माझ्याकडे. दिवाळीच्या चकलीच्या ऑर्डरला तुम्हीच दिला होतात.