ईमला जाऊन आलात? अनुभव लिहा

मंडळी, ईम हे इंग्लंडमधल्या डार्बीशरच्या डोंगरातलं लहानसं गाव. १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून तिथे प्लेग शिरला, असं गाव सांगतं. पुढच्या जूनमध्ये गावाने स्वतःहून वेस बंद केली. साथ संपेपर्यंत सुमारे २६० माणसं गेली. तुम्ही तिथे काय पाहिलंत, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. माझ्या मनात दोन पाद्री राहिलेत. विल्यम माँपेसन अठ्ठावीस वर्षांचा आणि गावात नवा. जुने थॉमस स्टॅन्ली लोकांच्या विश्वासातले, पण राजाचे धर्मनियम न मानल्यामुळे पदावरून गेलेले. एरवी ही माणसं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. इथे दोघांनी मिळून शब्द टाकला, म्हणूनच गावाने ऐकलं असं मला ठाम वाटतं. माँपेसनची पत्नी कॅथरीन १६६६ च्या ऑगस्टमध्ये वारली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे.

—

मी नर्स आहे. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगड बघायला मुद्दाम चालत गेले. त्यातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून पैसे ठेवायचे आणि शेजारच्या गावांनी ठेवलेलं सामान न्यायचं, अशी रीत होती. जवळच्या चॅट्सवर्थच्या वाड्यातून तिथला सरदार, डेव्हनशरचा अर्लही धान्य पाठवत असे. जंतूंची कुणाला कल्पना नव्हती, तरी नाणी धुवायचं सुचलं! कोविडमध्ये माझ्या दाराशी डबा ठेवून लांब उभी राहणारी शेजारीण तिथे फार आठवली.

—

गावाबाहेरच्या ‘रायली’ नावाच्या जागेतल्या कबरी बघून या. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. मला तिथे जास्त वेळ थांबवलं नाही.

—

आम्ही जवळच राहतो, म्हणून ऑगस्टअखेरची विहिरींची सजावट दरवर्षी बघतो. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तिच्यात पाकळ्या, पानं, शेवाळ दाबत चित्र उभं करतात. रांगोळीसारखीच निगुतीची कामगिरी, आणि आज्या-नातवंडं शेजारी बसून करतात. हे गाव नुसतं शोकस्थळ समजून परत जाऊ नका. ज्या घरांवर मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत, त्या घरांत आज संसार चालू आहेत.

—

मी पुण्याचा. १८९७ च्या प्लेगात आमच्याकडे गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, ते आजोबांकडून ऐकत वाढलो. ईममध्ये लोकांना आधी समजावलं गेलं, हा फरक मला फार मोठा वाटतो. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७ ला. संग्रहालयात मुलांना ही गोष्ट सांगितली, तर शेजारी उभ्या असलेल्या इंग्रज आजींनी ती पुन्हा इंग्रजीत सांगायला लावली.

—

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कक्लेट डेल्फच्या उघड्या दरीत प्रार्थना असते. साथीत चर्च बंद करून लोक तिथेच लांब लांब उभे राहत. शेफील्डहून बस आहे. यंदा कोण कोण येतंय?