जर्मनांचं ग्राफाइट शुद्ध निघालं असतं तर? (कथेसाठी मदत हवी आहे)

उत्तररात्र

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहितेय. गाभा असा: जानेवारी १९४१, हायडेलबर्ग. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्राफाइट किंवा जड पाणी लागतं, पण त्याने स्वतः फार न्यूट्रॉन गिळता कामा नयेत. ग्राफाइट किती न्यूट्रॉन गिळतं हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर बोथे मोजतो. खऱ्या इतिहासात आकडा इतका वाईट आला की जर्मनांनी ग्राफाइटचा नाद सोडला आणि नॉर्वेतल्या वेमोर्क कारखान्याच्या जड पाण्यावर भिस्त ठेवली. माझ्या कथेत बोथेला शुद्ध नमुना मिळतो, आकडा बरोबर येतो आणि जून १९४४ मध्ये, दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरताना, हिटलरच्या हातात अणुबॉम्ब असतो.

शंका दोन. हे पटेल का? आणि दुसरं म्हणजे, वेमोर्कवरच्या फेब्रुवारी १९४३ च्या छाप्याचं प्रकरण लिहून झालंय. बर्फ, खोल दरी, स्कीवरून आलेली नॉर्वेजियन पोरं, सगळं. त्यावर माझा जीव जडलाय, ते काढायचं नाहीये.

न्यूट्रॉनवेडा

जून १९४४ जमणार नाही. शिकागोत फर्मीची अणुभट्टी २ डिसेंबर १९४२ ला चालू झाली. तिथून, भट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियमच्या पहिल्या स्फोटापर्यंत, म्हणजे जुलै १९४५ पर्यंत, अमेरिकेला अडीच वर्षांवर लागली. तेही वरून एक बॉम्ब न पडता.

ढोबळ हिशेब लक्षात ठेव: भट्टी एक मेगावॅटवर दिवसभर चालली की साधारण एक ग्रॅम प्लुटोनियम. एका बॉम्बला सहा किलो. म्हणजे २० मेगावॅटची भट्टी ३०० दिवस अखंड. शिवाय ते प्लुटोनियम किरणोत्सारी युरेनियममधून रसायनाने वेगळं काढायचं, आणि मग कळणार की साधी तोफेसारखी रचना (एक तुकडा दुसऱ्यावर झाडायचा) प्लुटोनियमला चालत नाही. लॉस अलामॉसच्या अमेरिकी बॉम्ब-प्रयोगशाळेला हे जुलै १९४४ मध्ये कळलं आणि सगळं काम फिरवावं लागलं.

कल्पना मात्र जर्मनांकडे होती. भट्टीत नवं स्फोटक मूलद्रव्य तयार होईल हे त्यांच्या वाइत्सेकर या शास्त्रज्ञाने १९४० मध्येच लिहून दिलं होतं.

कार्बनकाका

माझी सगळी नोकरी पोलादाच्या विजेच्या भट्ट्यांना लागणाऱ्या ग्राफाइट इलेक्ट्रोडच्या कारखान्यात, तीही प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे बोथेचा तो नमुना माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे माल पास व्हायचा तो राखेवर. नमुना दळायचा, प्लॅटिनमच्या क्रुसिबलमध्ये दोन ग्रॅम तोलून मफल फर्नेसमध्ये ठेवायचा. कार्बन सगळा जळून जातो आणि तळाशी उरते चिमूटभर पिवळसर राख, फुंकर मारली तर उडून जाईल एवढी. ती ०.१ टक्का भरली की आम्हीही खूश आणि पोलादवालेही खूश. पण ०.१ टक्का म्हणजे दहा लाखांत हजार भाग. त्या हजारात बोरॉनचे चार भाग दडले असतील, तर राखेचं वजन ते कधीच सांगणार नाही. आणि हे चारच भाग बाकीच्या सगळ्या कार्बनइतके न्यूट्रॉन एकटे गिळतात! बोरॉनची न्यूट्रॉन शोषायची भूक कार्बनच्या लाखो पट आहे. इलेक्ट्रोडवाल्याच्या दृष्टीने उत्तम असलेला माल अणुभट्टीच्या दृष्टीने टाकाऊ असू शकतो, तो असा.

अमेरिकेत फर्मीचा सहकारी लिओ झिलार्ड मूळचा केमिकल इंजिनिअरिंगशी सलगी असलेला माणूस. तो ग्राफाइटवाल्यांसमोर बसून बोरॉनबद्दल खोदून खोदून विचारत राहिला आणि त्याने तसा माल बनवून घेतला. वर फर्मीचा मोजलेला आकडा छापू नये म्हणून हट्ट धरला. तो हट्ट नसता, तर बोथेला तुलनेला आकडा आयता मिळाला असता.

पण उत्तररात्र, तुम्ही इतिहासाचं वळण बोथेच्या टेबलावर घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. वाचकाला वाटतं एका शास्त्रज्ञाची चूक झाली आणि जग वाचलं. तसं नाही. विल्हेल्म हान्ले या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने त्याच सुमारास ग्राफाइटमधल्या बोरॉन आणि कॅडमियमवर बोट ठेवलं होतं. म्हणजे खोट कळली होती. पण ती दूर करायला लागणारा खर्च लष्कराच्या शस्त्रखात्याला परवडणारा वाटला नाही. नॉर्वे ताब्यात होता, जड पाणी येत होतं, मग कशाला? तुमची कथा इथे सुरू व्हायला हवी: बर्लिनमधलं एक टेबल, त्यावर हान्लेचा अहवाल आणि एक अधिकारी जो ‘करा’ म्हणतो. तिथे माणूस दिसतो. प्रयोगाचा काटा दोन घरं सरकला तर कोणीच दिसत नाही.

आता तो ‘करा’ म्हणाला असं धरू. शिकागोच्या भट्टीला साडेतीनशे टन ग्राफाइट लागलं होतं. चांगल्या ग्राफाइटला पेट्रोलियम कोक हवा, आणि जर्मनीत पेट्रोलियमचीच टंचाई. कोळशाच्या पिचपासून (डांबरासारखा काळा, घट्ट पदार्थ) केलेला कोक वापरला तर शुद्धीकरण वाढलं. कोक दळा, पिचमध्ये मळा, दाबून ठोकळे काढा, भाजा, मग विजेच्या भट्टीत २८०० अंशांपर्यंत न्या आणि सावकाश निववा. आमच्याकडे कोक ते तयार माल दोन-अडीच महिने सहज जायचे आणि शेवटच्या भट्टीत टनामागे चार-पाच हजार युनिट वीज. त्यात पोलादाच्या आर्क फर्नेसना इलेक्ट्रोड हवेत. व्ही-२ रॉकेटच्या झोतात जी चार सुकाणं असायची, तीही ग्राफाइटचीच! म्हणजे तुमच्या अधिकाऱ्याची पहिली लढाई रॉकेट बनवणाऱ्या फॉन ब्राउनच्या माणसांशी होणार. हा प्रसंग जरूर लिहा.

एक बारकावा देतो, वापरा. पिचची धूळ अंगावर बसली आणि ऊन लागलं की कातडी भाजून निघते. म्हणून पिच फोडायचं काम रात्रपाळीला ठेवत.

मैत्रेयी_वाचते

काका, मग वेमोर्कचं काय? ग्राफाइट चाललं तर जड पाण्याला कोण विचारतो? छापाच होणार नाही. आणि २० फेब्रुवारी १९४४ ला टिन सरोवरात जड पाण्याचे पिंप नेणारी ‘हायड्रो’ फेरी बुडवली, त्यात १८ जण गेले, त्यातले बहुतेक साधे नॉर्वेजियन प्रवासी. या कथेत ते वाचतात. उत्तररात्र, तुझं छाप्याचं प्रकरण जाईल, पण त्या बोटीतून सुखरूप उतरणारं एखादं माणूस लिहिता येईल.

उत्तररात्र

मैत्रेयी, हे सुचलंच नव्हतं. फेरीचं लिहिणार, नक्की.

काका, टेबलाचं पटलं. पण बॉम्ब काढला तर नॉर्मंडीत उरतं काय? शेवट सगळा तिथेच बांधलाय.

कार्बनकाका

नॉर्मंडी ठेवा, बॉम्ब काढा. १९४४ पर्यंत जर्मनांकडे चालती भट्टी असू शकते, एवढं मला शक्य वाटतं. चालत्या भट्टीतून प्लुटोनियम मिळायला वेळ लागतो, पण जळजळीत किरणोत्सारी कचरा लगेच मिळतो. किनाऱ्यावर जर्मन तोच पसरतील ही भीती अमेरिकेला खरोखर होती. ‘ऑपरेशन पेपरमिंट’ त्याचसाठी होतं: गायगर काउंटर इंग्लंडला पाठवले होते, आणि फोटोची फिल्म कारण नसताना काळवंडली तर कळवा, अशी सूचना होती. खऱ्या इतिहासात काहीच सापडलं नाही. तुमच्या कथेत एका तंबूत एक्स-रेची फिल्म धुतली जाते आणि ती सबंध काळी निघते.

आणि आता जे मनापासून सांगायचंय ते. हा कचरा भट्टीतून उपसणार कोण? ओरानियनबुर्गच्या आउअर कारखान्यात युरेनियमचं काम चालायचं. तिथे साक्सनहाउझेन छळछावणीच्या कैदी स्त्रिया राबवल्या गेल्या, हे घडलेलं आहे. व्ही-२ ची जोडणी मिटेलबाऊ-डोरा छळछावणीच्या कैद्यांनी भुयारात केली आणि त्यात हजारो मेले. तुमची भट्टी चालली, तर नॉर्मंडीतल्या कुठल्याही सैनिकाच्या आधी या बायकांच्या हाताला फोड येतील. पर्यायी इतिहासाच्या कथांत जर्मन अणुसंशोधनातला हायझेनबर्ग असतो, फॉन ब्राउन असतो, फावडं धरणारं कोणी नसतं. मी जन्मभर अशा हातांनी भरलेले नमुने तपासले, म्हणून मला ते खुपतं. तुमची मुख्य व्यक्तिरेखा तिथली हवी. ती रात्रपाळीला पिच फोडणारी असू शकेल, नंतर तिला अणुभट्टीवर पाठवतील.

न्यूट्रॉनवेडा

काकांना अनुमोदन. भट्टी कशी दिसावी यासाठी हायगरलोखच्या खऱ्या जर्मन भट्टीचं वर्णन वाच: चर्चखालच्या खडकात खोदलेलं तळघर, साखळ्यांसारखे लोंबणारे ६६४ युरेनियमचे ठोकळे, प्रत्येक पाच सेंटिमीटरचा. मार्च १९४५ मध्येही ती पेटली नाही, युरेनियम आणि जड पाणी दोन्ही कमी पडलं. वर डीब्नर या दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या गटाकडे आणखी शेकडो ठोकळे वेगळेच पडून होते. दोन गट एकमेकांना माल देत नव्हते. तुझ्या अधिकाऱ्याला हेही भांडण मिटवावं लागेल.

उत्तररात्र

छाप्याचं प्रकरण बाजूला काढलं. नवीन सुरुवात बर्लिनमधून, आणि ओरानियनबुर्गची एक पोलिश बाई, अजून नाव ठरत नाहीये. काका, पिच फोडायला हत्यार काय असायचं? आणि वास कसा असतो?

कार्बनकाका

मोठी ढेप घणाने, मग छोटे तुकडे फावड्याने क्रशरमध्ये. वास डांबराचा, पण जास्त उग्र, घशात बसणारा. कपडे कितीही धुतले तरी जात नाही. भाजणीच्या भट्टीवर तोच वास गरम होऊन पिवळ्या धुरासारखा येतो. प्रकरण झालं की इथे टाका, तापमानं आणि दिवस मी तपासून देतो.