हारू उराराला अरिमा जिंकवायचीय, पॅरेंट कसे बनवू?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. उमामुसुमे (खऱ्या घोड्यांच्या नावाच्या मुलींना शर्यतीसाठी तयार करायचा जपानी गेम) खेळायला लागून चार महिने झाले. बाकी सगळं जमतंय पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, मला हारू उराराला अरिमा किनेन (डिसेंबरातली जपानची मोठी शर्यत) जिंकून द्यायचीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खरी हारू उरारा कोची नावाच्या छोट्या रेसकोर्सवर 113 शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही, तरी लोक तिच्यासाठी गर्दी करायचे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये ती गेली, त्या दिवशी मी खरंच रडले आणि तेव्हाच ठरवलं की गेममध्ये तरी हिला ती शर्यत जिंकवायचीच.

अडचण तुम्हाला माहितीच आहे. ती मुळात डर्टवर (वाळूवर) धावणारी स्प्रिंटर, टर्फ (गवत) G आणि लाँग (लांब अंतर) G, म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा. अरिमा म्हणजे नाकायामाला टर्फवर 2500 मीटर. करिअरच्या (एका मुलीच्या पूर्ण डावाच्या) शेवटी ती शर्यत येते, ती हरते आणि गोष्ट पुढे सरकते. माझी काल तेरावी आली.

पॅरेंटवर (आधी करिअर संपवलेल्या मुली, ज्यांचे गुण नव्या मुलीला वारशात मिळतात) गेला महिनाभर काम करतेय. दोन पॅरेंट आणि त्यांचे चार असे सहा जण धरले तर लाँगचे गुलाबी स्पार्क (दर्जा वाढवणारे वारशाचे गुण) मिळून आधी 4 स्टार होते, मग एक आठवडा घालवून एक आजी बदलली आणि 6 केले. तरी करिअर सुरू करताना लाँग E च!! टर्फचे 3 स्टार आहेत, तिथे F दाखवतं. आठवडाभराचे टीपी (करिअर खेळायला लागणारे पॉइंट) गेले आणि एक पायरी पण वर नाही, हे कसं काय? बग आहे का माझंच काही चुकतंय? आणि ब्लू स्पार्क (स्टॅमिना, गट्स असे स्टॅट वाढवणारे) 3 स्टार स्टॅमिनाचे हवेत म्हणून मी 1 आणि 2 स्टारवाल्या सगळ्या टाकून देतेय, ते बरोबर आहे ना?

हिशोबी

बग नाहीये. गुलाबी स्टारची बेरीज होते पण पायरी ठरावीक आकड्यालाच वाढते: 1 ला एक पायरी, 4 ला दोन, 7 ला तीन, 10 ला चार. त्याच्यावर काही नाही. म्हणजे 4, 5, 6 तिघांचं सुरुवातीला फळ एकच, G वरून E. तुझा एक स्टार कमी पडला बघ, 7 झाले असते तर D दिसला असता.

आता सहा जणांचे प्रत्येकी 3 धरले तरी जास्तीत जास्त 18 स्टार होतात आणि तुला दोन गोष्टी उचलायच्यात. 10 लाँगला आणि 7 टर्फला म्हणजे 17, ते स्वप्नातलं झाड आहे, ते विसर. 10 अधिक 4 म्हणजे लाँग C, टर्फ E. 7 अधिक 7 म्हणजे दोन्ही D. मी 10 अधिक 4 च्या बाजूचा आहे, कारण अंतराचा अ‍ॅप्टिट्यूड (G ते A हा दर्जा) कमी असेल तर तिचा वरचा वेगच मार खातो, टर्फ कमी असेल तर वेग पकडायला उशीर होतो. उशीर परवडतो, वेगच नसेल तर काय करणार.

आणि आता मुख्य मुद्दा. तू सगळे सहा जण स्वतः बनवायला बसलीयस का? मित्राचा पॅरेंट उधार घेतलास की तिच्याबरोबर तिचे दोन पॅरेंट पण येतात, म्हणजे सहातले तीन आयते. लाँग 9 स्टारवाली कुणाची तरी शोध (तिघी 3-3), लोक खास यासाठीच बनवून ठेवतात. मग तुझ्या बाजूच्या तिघींत लाँगचा फक्त 1 स्टार लागतो, दहा झाले! राहिलेल्या दोघींत टर्फचे 2-2 जमव, चार झाले. दोन दोन स्टार काही दुर्मिळ नाहीत ग, तू टाकून दिलेल्यातच कदाचित असतील.

चैत्रपालवी

अरे देवा. टर्फ 2 स्टारवाली राईस शॉवर मी परवाच डिलीट केली, ब्लू गट्सचा 1 स्टार आला म्हणून 😭

रात्रपाळी_ट्रेनर

ताई डिलीट करू नका हो कधी, जागा संपली तरच करा आणि तेव्हाही गुलाबी बघून करा.

मी हिशोबीदादांशी एका गोष्टीत सहमत नाही, माझी उरारा 7 अधिक 7 ने जिंकली, दोन्ही D. 10 अधिक 4 वर मी अकरा वेळा हरलो कारण टर्फ E असताना शेवटच्या वळणावरून बाहेर पडली की समोरच्या सुटतात आणि हिला वेग पकडायलाच सरळ रस्ता संपून जातो, नाकायामाची शेवटची सरळ मुळात आखूड आहे. पण हो, 7 अधिक 7 साठी तसा उधारीचा पॅरेंट सापडायला मला दोन महिने लागले, हेही खरं. तुम्हाला लवकर प्रयत्न सुरू करायचे असतील तर दादांचा मार्ग धरा.

पॅरेंट बनवताना एक लक्षात ठेवा जे मला फार उशिरा कळलं. गुलाबी स्पार्क करिअर संपताना जे जे A किंवा वर आहे त्यातूनच एक निघतो. म्हणून जिच्याकडे A कमी आहेत ती घ्यायची. मेजिरो मॅक्वीन बघा, टर्फ, मीडियम, लाँग आणि पेस (पुढच्या घोळक्यात धावायची पद्धत) एवढे चारच A, त्यातले दोन आपल्या कामाचे. सुपर क्रीक तशीच, राईस शॉवर तशीच. बरेच लोक सगळीकडे A असलेली भारी पोरगी घेतात आणि मग माईल नाहीतर लेटचा (मागे राहून शेवटी पळायच्या पद्धतीचा) स्पार्क येतो आणि तीस टीपी पाण्यात. आपले टीपी 10 मिनिटाला एक भरतात, म्हणजे एका करिअरचे पाच तास, नीट विचार करून खर्च करा. पॅरेंट बनवताना वारशातून तिचा आणखी एखादा अ‍ॅप्टिट्यूड A ला नेऊ नका, उगाच पाचवी चिठ्ठी टाकल्यासारखं होतं.

हिशोबी

आखूड सरळीचा मुद्दा मान्य. ब्लूचं राहिलं. 3 स्टार ब्लू म्हणजे सुरुवातीला 21, 2 स्टारचे 12, 1 स्टारचे 5. सहाच्या सहा 3 स्टार स्टॅमिना असले तरी 126. मोठा आकडा आहे, नाही म्हणत नाही, पण एक 3 स्टार आणि एक 2 स्टार यात फरक 9 चा, आणि त्या 9 साठी तू गुलाबी टाकून देतेयस. लाँगची एक पायरी 9 स्टॅमिनाने भरून निघत नाही.

शिवाय ब्लू एप्रिलमध्ये पण येतो. क्लासिक आणि सीनियर वर्षाच्या एप्रिलच्या सुरुवातीला जे इन्स्पिरेशन (पॅरेंटकडून पुन्हा वारसा मिळणं) होतं त्यात ब्लू बहुतेक वेळा लागतो आणि गुलाबी क्वचित लागतो. म्हणून गुलाबीचं काम सुरुवातीलाच करून घ्यायचं, एप्रिलवर सोडायचं नाही. लागला तर देवाची कृपा, एक पायरी वर.

ब्लू हवाच असेल तर तो स्टॅट करिअर संपताना 600 च्या वर ठेव, 1100 च्या वर गेला तर अजून छान, 3 स्टारची शक्यता वाढते. कुठला स्टॅट येईल ते मात्र पाचातला एक, त्याला इलाज नाही.

आणि अ‍ॅफिनिटी (एकमेकींशी जुळणी)! पॅरेंट आणि तिचे पॅरेंट यांनी एकच जी-वन (सर्वोच्च दर्जाची शर्यत) जिंकलेली असेल तर अ‍ॅफिनिटी वाढते. म्हणून तुझ्या बाजूच्या तिघींना किक्का शो, जपान कप, अरिमा अशा त्याच त्याच शर्यती जिंकवत जा. त्रिकोण नाही, डबल गोल दिसला पाहिजे.

घोरपडीकर

मी गेम फार नाही खेळत, मुलगी खेळते, तिच्यामुळे हे वाचतोय. माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते, त्यामुळे लहानपण तबेल्यात गेलं, आणि तुमचं हे 'आजी बदलली' वगैरे वाचून गंमत वाटली आणि आनंदही झाला.

खऱ्यात घोडी गाभण राहिली की अकरा महिने. वर्षाला एक शिंगरू, तेही नशीब असेल तर. थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालत नाही, नर-मादी समोरासमोरच आणावे लागतात, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. म्हणजे तुमच्या पाच तासांच्या जागी इथे वर्ष, आणि ते शिंगरू पळतं का हे कळायला अजून दोन-तीन वर्षं. वडील रात्री तबेल्यात झोपायचे घोडी व्यायला आली की. कंदील घेऊन, गवताच्या गंजीला टेकून. शिंगरू उभं राहिलं आणि आईला लुचलं की मगच घरी चहा प्यायला यायचे, अंगाला तो वास असायचा.

रक्ताचं म्हणाल तर जपानमध्येच बघा, स्टे गोल्ड या घोड्याला खऱ्या मॅक्वीन घोड्याच्या मुली दिल्या आणि ड्रीम जर्नी, ऑर्फेव्र, गोल्ड शिप निघाले. ऑर्फेव्रने 2011 ला ट्रिपल क्राऊन जिंकला. एकाच पूर्वजाचं रक्त तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत आलं तर त्याच्या रक्ताचा वाटा 18.75 टक्के होतो, तिकडे ब्रीडर लोक त्याला फार मानतात, 2021 ची अरिमा जिंकलेल्या एफोरियामध्ये संडे सायलेन्स हा पूर्वज तसाच बसलेला आहे, बापाकडून चौथ्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीत.

पण तुमच्या हारू उराराचा बाप कोण माहितीये? निप्पो तेइओ. 1987 ची शरदातली तेन्नो शो जिंकलेला घोडा, टर्फवरचा राजा. आणि त्याची मुलगी कोचीच्या वाळूत 113 वेळा हरली. 2004 च्या मार्चमध्ये युताका ताके स्वतः तिच्यावर बसला, जपानचा सगळ्यात मोठा जॉकी, तरी अकरात दहावी. वडील म्हणायचे शिंगरू बापाचं नाव घेऊन येतं, पाय स्वतःचे घेऊन येतं. जिंकवा तिला, मुलगीपण मागे लागलीय.

चैत्रपालवी

काका, निप्पो तेइओचं मला माहीत नव्हतं. म्हणजे टर्फ तिच्या रक्तात होतंच की! हे वाचून अंगावर काटा आला.

सोळा दिवसांनी लिहितेय. उधारीची लाँग 9 स्टारवाली सापडली, एका अनोळखी ट्रेनरची, फॉलो केलं. माझ्या बाजूला मॅक्वीन बनवली, चौथ्या करिअरला लाँग 1 स्टार आला आणि मी ओरडलेच, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या मागे सुपर क्रीक टर्फ 2 आणि नवी राईस शॉवर टर्फ 2. बरोब्बर 10 आणि 4. लाँग C, टर्फ E.

काल रात्री सीनियर एप्रिलला लाँगचा स्पार्क लागला, B झाला!! मग डिसेंबर. लेटवर ठेवलं होतं. तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत अकरावी, मग बाहेरून आली, सरळीत एकेक मागे टाकत गेली, शेवटचे 200 मीटर राहिले तेव्हा दुसरी होती आणि तिथे स्टॅमिना संपला. डोळ्यासमोर तिचा वेग उतरला. तिसरी आली. स्टॅमिना 580 होता.

हिशोबी

तेरावीवरून तिसरी! 580 ला 2500 मीटर जात नाही ग, आणि तिला स्टॅमिनाचा ग्रोथ बोनस पण नाही, पॉवर आणि गट्सलाच आहे. सुपर क्रीकचं एसएसआर (सगळ्यात दुर्मिळ) सपोर्ट कार्ड आहे का? त्यातून स्विंगिंग माएस्त्रो मिळतं, ते रिकव्हरी (शर्यतीत स्टॅमिना परत देणारं) स्किल घे. नसेल तर मित्राचं कार्ड घे. आणि स्टॅमिना 700 च्या पुढे ने, गट्सचं ट्रेनिंग दोन-चार वेळा सोडलंस तरी चालेल.

चैत्रपालवी

कार्ड नाहीये, मित्राचं घेते. टीपी 22 आहेत, जेवण होईपर्यंत 30 होतील.